बोटाला कळणारं तेल

गाडी पुन्हा बंद पडली होती, तीही चढावर, मागे पेशंट असताना. नर्सबाईंनी किल्ली गॅरेजच्या टेबलावर ठेवली.

"तुझ्या वडिलांनी सर्व्हिस करून दिली तेव्हापासून दम्याच्या पेशंटसारखी धापते नि जीव सोडते. सहाला मला निघायलाच हवं. टेकडीवरच्या पोरीचे दिवस भरलेत."

वडिलांना जाऊन एकवीस दिवस झाले होते. त्यांच्या हातची ही शेवटची गाडी.

काकांनी पुतणीला बाजूला घेतलं. "सेन्सर गेला म्हण अन् नवा टाक. दादाचं नाव कशाला निघू द्यायचं?"

"आधी बघू तर द्या."

इंजिन सुरू होताच धापू लागलं. तिनं हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग काढला, तशी धाप थांबली. म्हणजे खोटा आकडा सेन्सरच सांगत होता. प्लग परत लावून तिनं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्यावर हलकेच ठोकलं. ठोकल्यावर इंजिन अडखळलं, तर दोष आतल्या सैल जोडाचा, वडील त्यातून सुटले. तिनं श्वास रोखून पुन्हा ठोकलं. काही फरक नाही.

पाच वाजून वीस.

सेन्सर काढून तिनं उजेडात धरला. आतली केसाएवढी तार तेलकट झाली होती. हवेच्या फिल्टरचा डबा उघडला, तर तळाशी तेल साचलेलं. हा फिल्टर धुवून त्याला तेलाचा नुसता हात द्यायचा असतो. 'डोळ्यांनी नाही, बोटानं बघ,' वडील सांगायचे. 'ओलं लागलं की जास्त झालं.'

"दादा अन् एवढं तेल?" काका म्हणाले. "झोपेतसुद्धा चुकला नसता."

तिला वडिलांच्या शर्टाची उघडी राहिलेली बटणं आठवली. हातातून निसटणारा चमचा. वय झालं, असं ती समजली होती.

"बोटांना कळत नव्हतं त्यांच्या. बोलले नाहीत कुणाला."

काका फिल्टर पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

तारेला बोट न लावता तिनं क्लीनर फवारला, ती पूर्ण वाळू दिली, नवा फिल्टर बसवला. पावणेसहाला इंजिन सुरू झालं. एका लयीत.

"सेन्सर चांगला आहे," ती नर्सबाईंना म्हणाली. "फिल्टरला तेल जास्त झालं होतं. चूक बाबांची."

काकांनी मान फिरवली.

नर्सबाई किल्लीकडे बघत राहिल्या. "मागच्या वेळी ही त्यांच्या हातून दोनदा पडली. मी नर्स असून थट्टा केली."

गाडी चढाला लागली. काका-पुतणी दारात कान देऊन उभी राहिली, आवाज टेकडीपलीकडे विरेपर्यंत. धाप कुठंच लागली नाही.