नाळेचं रक्त

एकनाथरावांनी चिनी मातीच्या तळहाताएवढ्या पांढऱ्या फरशीवर दोन थेंब सोडले, काडीने ढवळले आणि फरशी हलकेच डोलवली. डाव्या थेंबात त्यांच्या स्वतःच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्तावर सुटणारं पिवळसर पाणी होतं. उजव्यात सकाळी जन्मलेल्या मुलीच्या नाळेतलं. दोन्हींत ए गटाच्या पेशी मिसळलेल्या. डावा थेंब लगेच नासलेल्या दुधासारखा फाटला, त्यात लाल गुठळ्या झाल्या. उजवा तसाच गुळगुळीत राहिला.

पेशींवरून दोघांचाही गट बी निघाला होता. मग एक फाटतो आणि दुसरा नाही, हे कसं? त्यांनी पुन्हा करून पाहिलं. दवाखान्यात मोठ्या माणसांच्या रक्ताचे गट काढण्यात हयात घालवलेला माणूस आज नातीच्या एका थेंबापुढे अडला होता.

हो, नातीच्याच. प्रमिलेनं सत्यनारायणाशी, एका तेलुगू मुलाशी, लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. "आपल्या रक्तातच नाही हे," म्हणून विषय मिटवला होता. आता हैदराबाद राज्य मोडून भाषांप्रमाणे वाटलं जाणार होतं. त्यांनी हट्टानं मराठी मुलखातल्या औरंगाबादेला बदली मागून घेतली होती आणि सोमवारी निघायचं होतं. लेक वरच्याच मजल्यावर होती, पण ते गेले नव्हते. जीव मात्र सकाळपासून तिथेच अडकला होता.

डॉक्टर कुसुमताई दारातून डोकावल्या.

"एकनाथराव, बाळाचा गट झाला का?"

"सीरम बिघडलंय, बाई. ए पेशींना शिवतच नाही."

बाईंनी फरशी पाहिली आणि त्या हसल्याच.

"अहो, तान्ह्या बाळाचं सीरम कशाला तपासता? नुसत्या पेशी बघा. त्या सीरममध्ये ए पेशींना फाडणारं अजून काही नसतं."

"माझ्यात आहे की! मी कधी परक्याचं रक्त घेतलं नाही. जन्मजातच ना ते?"

"जन्मजात कुठलं? ए पेशीवर एक साखर असते, बी पेशीवर ती नसते. तसलीच साखर पोटातल्या जंतूंवरही असते. घरचं अन्नपाणी पोटात जायला लागलं, की अंग तिला परकी म्हणायला शिकतं, असं आता म्हणतात. चार-सहा महिने लागतात. तोवर तिला कुणीच परकं नाही."

बाई गेल्या. एकनाथराव त्या गुळगुळीत थेंबाकडे पाहत राहिले. त्यांना लाज वाटली. मग सोमवार आठवला. त्यांनी घाईनं पेशींवरून निघालेला गट लिहून टाकला आणि कोपरापर्यंत हात धुतले.

व्हरांड्यातल्या बाकावरून सत्यनारायण दचकून उठला. सासऱ्यांशी त्याचं आजवर एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं.

डोळे मिटूनही वरच्या वॉर्डात पोचले असते असे एकनाथराव त्याच्यापुढे थांबले. घसा खाकरून म्हणाले,

"बच्ची का वॉर्ड किधर पडता?"

सत्यनारायणानं हातातला डबा दुसऱ्या हातात घेतला.

"इधर से, मामय्या," तो सासऱ्यांना आपल्या तेलुगूत हाक मारत म्हणाला आणि त्यांच्या पुढे चालू लागला.