शेवटच्या पाण्याची प्लेट

"शेवटच्या पाण्याची प्लेट कुठाय?" मॅडमनी विचारलं आणि मी समोरची चळत पुन्हा चाळली. ती त्यात नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेत औषधी झाडांच्या आत राहणारे जीवाणू शोधतात. त्यातला एखादा नवं औषध बनवत असतो. पानावर बाहेरून बसलेले नकोत, म्हणून पान आधी स्पिरिटमध्ये, मग ब्लीचमध्ये बुडवायचं, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचं आणि मगच कापून प्लेटवर, म्हणजे जीवाणूंचं खाद्य ओतलेल्या झाकणाच्या बशीत, ठेवायचं. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पाण्याचे चार थेंब वेगळ्या प्लेटवर पसरायचे. त्या प्लेटवर काही उगवलं नाही, तर बाहेरचं सगळं मेलं, आणि मिळालेला जीवाणू पानाच्या आतलाच.

मला कोरफडीच्या पानातून एक शेंदरी जीवाणू मिळाला होता. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा हट्टी जंतूही त्याच्याजवळ फिरकेना. भोवती स्वच्छ गोल कडं पडायचं. सोमवारी तो पुढच्या तपासणीला जायचा होता. सहा महिन्यांत हाती लागलेलं एवढंच, आणि त्याचा पुरावाच सापडेना.

प्लेट उबेला ठेवतो ते उबवणीचं कपाट मी पालथं घातलं. मग काचसामान धुणाऱ्या मामांना गाठलं. "मामा, तुम्ही टाकली तर नाही ना?"

"ताई, नाव नसलेली प्लेटसुद्धा मी विचारल्याशिवाय टाकत नाही. माझ्या नावावर बिल फाडू नका."

तेव्हा मला तो दिवस आठवला. पान धूत असताना आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन आला होता. ठमीला ताप आहे. ठमी माझी लेक, तेव्हा सात महिन्यांची. मी पान कसंबसं कापून प्लेटवर ठेवलं आणि घरी धावले. पाणी पसरलंच नव्हतं.

मग दुसरीच धास्ती बसली. त्या आठवड्यात ठमीच्या अंगावर पुरळ होतं आणि ती सतत माझ्या कडेवर. शेंदरी जीवाणू कोरफडीचा नसून माझ्या हातावरचा असला तर?

मॅडमना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी समोरची वही मिटली. "सोमवार विसर. पहिल्यापासून कर. नाही आला, तर त्याचा नाद सोडायचा."

दुसऱ्या दिवशी त्याच कुंडीतलं शेजारचं पान घेतलं. स्पिरिट, ब्लीच, पहिलं पाणी, दुसरं. तिसऱ्या पाण्याला खिशातला फोन थरथरायला लागला. थांबला, पुन्हा थरथरला. आईच असणार. मनात ताप, आकडी, दवाखाना, सगळं येऊन गेलं. तरी थेंब मोजून चार टाकले, पसरले, झाकण लावलं, नाव लिहिलं. मग पान कापून प्लेटवर ठेवलं. शेवटी हातमोजा काढून माझी पाच बोटं आणखी एका प्लेटवर टेकवली. माझे जंतू कसे दिसतात तेही कळू दे.

मग फोन लावला.

"अगं, उचलत का नाहीस?"

"हात गुंतले होते, आई. ताप आहे का?"

"कसला ताप? दात आलाय तिला. माझं बोट चावलं. बापावर गेलीय अगदी."

मी तिथेच स्टुलावर बसले.

नंतरचे आठ दिवस मात्र जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी मॅडमच्या समोरच कपाट उघडलं. पानाच्या कडेने शेंदरी ठिपके आले होते. माझ्या बोटांच्या प्लेटवर पांढरे, पिवळे, चिकट गोळे. शेंदरी एकही नाही. तिसऱ्या पाण्याची प्लेट उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा पुन्हा पाहिली. कोरी.

मॅडमनी मात्र घाई केली नाही. नवे ठिपके हट्टी जंतूसमोर ठेवायला लावले. दोन दिवसांनी तसंच स्वच्छ कडं पडलं.

"पाठव," त्या म्हणाल्या. मग बोटांच्या प्लेटकडे पाहून, "हे तुझे ना? अगदीच बिनकामाचे."

कितीतरी दिवसांनी मी मनापासून हसले.

मामा टोपली घेऊन आले. "ताई, यातली ही रिकामी टाकू?"

"ती सोडून काहीही टाका, मामा," मी म्हटलं आणि प्लेट हातात घेऊनच घरी फोन लावला.