इस्त्रीवाल्याची दाढ

इस्त्रीवाल्याची दाढ एकदाची निघाली. कापसाचा बोळा दातांत दाबून तो मुकाट बसला होता आणि दातांच्या डॉक्टरीणबाई त्याच्या बायकोला समजावत होत्या, "आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. दाढेच्या जागी रक्ताची गाठ धरते. जोर लागून ती निघाली, तर असा ठणका लागेल की आजचं दुखणं परवडलं म्हणाल. उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या गुळण्या करू देत."

इस्त्रीवाल्याला घरी पडलेला कपड्यांचा ढीग आठवला. पाण्याचा घोट तोंडात घेऊन कपड्यांवर फुर्रकन फवारा मारायचा, ही त्याची वडिलांपासूनची पद्धत. पण विचारायचं कसं? बाईंचे पांढरे कोट त्याच्याकडेच इस्त्रीला यायचे. असं गिऱ्हाईक हातचं गेलं असतं. बोलू नकोस म्हणून त्याने बायकोला डोळ्यांनीच दटावलं.

तिला वाटलं, विचारायलाच सांगताहेत. "बाई, ह्यांनी फवारा मारला तर चालेल का हो?"

"कसला फवारा?"

"तोंडाने, कपड्यांवर. त्याशिवाय कडक इस्त्री होतच नाही म्हणतात."

बाईंनी आपल्या कोटाच्या ताठ कॉलरला हात लावला. "माझ्या कोटावरसुद्धा?"

"तुमच्या कोटावर तर दोनदा मारतात!" बायको कौतुकाने म्हणाली.

इस्त्रीवाल्याने डोळे गच्च मिटून घेतले.

बाईंनी कॉलर पुन्हा एकदा चाचपली. मग म्हणाल्या, "काका, जखम भरली की पुन्हा या. उरलेले सगळे दात घासूनपुसून लख्ख करू. अशी कॉलर दुसरीकडे कुठे होत नाही हो."