'कॉन्डिसेन्डिंग'चा जुना अर्थ

मी इंग्रजी-मराठी शब्दकोश बोलतोय. माझा पाठीचा पुठ्ठा सुटलाय, पण सध्या मला सलतंय ते वेगळंच. माझ्यामुळे एका भल्या बाईच्या जिवाला घोर लागला.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा काय तोरा होता माझा! एका वकिलांच्या काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं राहिलो. ते गेले आणि मी रद्दीत आलो. तिथून अकोल्याच्या रंभाजींनी मला उचललं, कारण त्यांची लेक प्रज्ञा शिकायला शहरात, सावेडीत खोली घेऊन राहिली होती. मी कपाटात होतो तेवढ्या काळात बाहेर शब्दांचे अर्थ बदलत होते, हे मला कुणी सांगितलंच नाही.

प्रज्ञाला भारी इंग्रजीचा नाद. साधं 'गुड' तिला चालायचं नाही. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या खुर्शीद मॅडम निवृत्त होणार होत्या आणि निरोपाचं भाषण प्रज्ञाकडे आलं. खेड्यातल्या मुलींत बसून डबा खाणाऱ्या, चुकलं तरी न हसणाऱ्या मॅडमसाठी तिला वजनदार शब्द हवा होता. मी छाती फुगवून पुढे केला : कॉन्डिसेन्डिंग, म्हणजे मोठेपणा विसरून लहानांत मिसळणारा.

तिने तो भर सभेत म्हटला. मागे काहीजण फिदीफिदी हसले. मॅडम मान खाली घालून बसल्या. खोलीवर येऊन प्रज्ञाने मोबाईलवर अर्थ पाहिला : दुसऱ्याला कमी लेखणारा. मला मिटून ती रडत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बरेच दिवस तिने मॅडमना तोंड दाखवलं नाही. शेवटी धीर करून मला घेऊन त्यांच्या घरी गेली. पान उघडून म्हणाली, "मॅडम, मला असं म्हणायचं हुतं. ह्यात हाच अर्थ दिलाय."

मॅडमनी चष्मा लावून ती ओळ वाचली. चष्मा काढत म्हणाल्या, "मला वाटलं, तू खरं तेच बोललीस. तेव्हापासून आठवत बसलेय, मी कुणाला कधी कमी लेखलं. एक मुलगी आठवली गं. माझ्या टोचून बोलण्यानंतर ती पुन्हा वर्गात आलीच नाही."

प्रज्ञाने त्यांचा हात धरला. दोघींपैकी कुणीच मला दोष दिला नाही, तेच मला जड जातंय.

आता मी पुन्हा प्रज्ञाच्या टेबलावर आहे. ती ओळ कुणीतरी पेनाने खोडा, एवढंच मागणं. मॅडमच्या मनातली ती मुलगी मात्र मीच उठवून बसवली. तिला कसं खोडणार?