पूर्ण बाह्यांचा शर्ट

शिंप्याने पायजमा मांडीपर्यंत वर ओढला आणि डॉक्टरीणबाईंना गुडघा दाखवला. उजवा डाव्याच्या दुप्पट झाला होता आणि वाकत नव्हता. रक्त न गोठण्याचा आजार जन्मापासूनचा; जरा काही झालं की सांध्यात रक्त उतरायचं. आता कृत्रिम सांधा बसवायचा होता. तारीख दहा दिवसांवर आली होती.

"गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत," बायको म्हणाली. "सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून झालंय, दोन-तीन महिन्यांत पुन्हा मशीन चालवतो म्हणून."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या वही चाळत होत्या. दवाखान्यातून फुकट मिळणाऱ्या इंजेक्शनांची ही वही बायकोच लिहायची. सोमवार, गुरुवार, सोमवार, गुरुवार. अक्षर मोत्यासारखं. इंजेक्शन घ्यायला नवरा धाकट्या भावाकडे जायचा, कारण म्हणे त्याचा हात हलका. 'भावजी आहेत म्हणून निभावतंय,' असं ती येईल-जाईल त्याला सांगे.

धाकटा इंजेक्शनांचा थर्मास धरून दाराशी उभा होता. भर उन्हाळ्यात अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावलेली. शर्ट थोरल्यानेच शिवलेला.

खरं तर टोचणारा शिंपीच होता आणि टोचून घेणारा धाकटा. आजार दोघांनाही आईकडून आलेला, पण धाकट्याने तो कारखान्यात लपवला होता. नोकरदाराला दवाखान्यात नाव नोंदवायचं तर मालकाची सही लागे, आणि लेथवर उभ्या असलेल्या माणसाचं रक्त थांबत नाही हे कळलं असतं, तर मालकाने त्याच संध्याकाळी घरी बसवलं असतं. मी काय, बसून काम करतो, माझं भागेल, असं थोरला म्हणाला होता. भागलं नाही. गुडघा त्यातच गेला.

"वहीप्रमाणे एकही डोस चुकलेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तरी चार महिन्यांत आठ वेळा रक्त उतरलं. मला वाटलं, औषध तुम्हाला लागूच पडत नाही. म्हणून सकाळी इंजेक्शन देऊन रक्त तपासलं."

"मग?" बायकोने विचारलं.

"उत्तम लागू पडतंय. म्हणजे तुमचे यजमान ते घेतच नव्हते. ऑपरेशनला याच्या कितीतरी पट औषध लागणार. आधीचं कुठे गेलं हे सांगितल्याशिवाय वरून मला ते मिळायचं नाही. कुठे गेलं?"

शिंप्याने पायजमा सावकाश खाली केला. धाकटा पुढे आला, थर्मास टेबलावर ठेवला, मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सरकवली. बोलायला तोंड उघडलं.

"विकली," शिंपी म्हणाला.

"काय?"

"बाहेर विकली मी. ह्या दोघांना काही माहीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून लिहायला घेतलं. धाकट्याच्या कोपराच्या आत कापसाचा बोळा होता, वर पट्टी. काल गुरुवार होता. ते पाहिलं फक्त बायकोने. त्याने बाही खाली ओढली, पण बटण काही काजात जाईना.

"तारीख रद्द करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा मिळेल का, ते माझ्या हातात नाही."

बाहेर शिंपी भिंत धरून पुढे चालू लागला. गिऱ्हाइकाची उरलेली चिंधीसुद्धा परत करणारा माणूस, आणि म्हणे विकली. बायकोने रागारागाने टेबलावरचा थर्मास स्वतःच उचलून आणला होता. दिराने नेहमीसारखा तो घ्यायला हात पुढे केला.

"वहिनी, मी..."

"ह्यात दोन उरलीत," ती म्हणाली. "ही ह्यांची आहेत." पट्टा तिने सोडला नाही. त्यानेही नाही.

शिंप्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"दे गं त्याला. सोमवारी त्याची सकाळची पाळी असते."

मग तिने पट्टा सोडला आणि नवऱ्याचा हात धरायला पुढे गेली. धाकट्याने मागोमाग यायचं की नाही, ते त्याला कोणी सांगितलं नाही.