रावजी तांडेलाची सोनोग्राफी

पूर्णगडच्या खाडीत रावजीची होडी शिरली की बाकीचे आपापल्या होड्या बाजूला घेत. अठ्ठावीस वर्षं होडीचा प्रमुख म्हणून तांडेलकी केलेला माणूस, दोनदा वादळात बंद पडलेली दुसऱ्याची होडी ओढून आणलेला. मथुरेला नवऱ्याचा अभिमान होता, पण तो सगळ्या गावालाच होता. त्याच्याबद्दलचा तिचा स्वतःचा अभिमान तिला सापडला तो गेल्या डिसेंबरात, रत्नागिरीच्या एका दवाखान्यात.

त्याच्या आदल्या वर्षी रावजीच्या पायांवर सूज आली होती, चार पावलांत दम लागत होता. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गडी पुन्हा उभा राहिला. पण गणपती झाल्यावर मथुरेच्या ध्यानात आलं, की हा माणूस आंघोळीलाही बनियन काढत नाही. नात ईशा छातीवर रेलली तर कळवळला. एकदा तिने दार लोटलं, तर उघडाच आरशासमोर उभा. छाती दोन्हीकडे वाढलेली, वयात येणाऱ्या पोरीसारखी.

"कधीपास्नं हाय?"

"तीन म्हैने." तो भिंतीकडे बघत म्हणाला. "कोणाला बोलू नको. हसतील."

"अवो, काय वंगाळ निघाला तर ते हसणारे येतील काय तुमच्यासंगती?"

तरी हो-नाही करण्यात डिसेंबर उजाडला. शेवटी एका सकाळी तिने त्याला एसटीत बसवलंच.

डॉक्टर निघाल्या बाई, तिशीतल्या. मथुरा पुढे होऊन बोलणार, तोच रावजी "थांब" म्हणाला आणि त्याने स्वतः शर्टाची बटणं सोडली. "बायकांसारखी छाती आलीय मला. दुखते. कशानं, ता मला कळूंदे."

डॉक्टरांनी दोन्ही बाजू चाचपल्या, काखा बघितल्या, दारूचं विचारलं, गोळ्यांची पाकिटं एकेक करून वाचली. "पुरुषाच्या छातीतही स्तनाची ग्रंथी असते काका. कधी कधी वाढते. मला एका गोळीचा संशय आहे, पण आधी सोनोग्राफी करून खात्री करू."

सोनोग्राफीच्या बाकावर सगळ्या बायकाच. आत बोलवणाऱ्या मुलाने कागद वाचला आणि रावजीकडे बघून म्हणाला, "काका, ही बायकांची तपासणी आहे. पेशंटला पाठवा."

दोन पोरींनी ओढणी तोंडाला लावली. मथुरेचे कान तापले. ती तोंड सोडणारच होती, इतक्यात रावजी उठला. भर वाऱ्यात पलीकडच्या होडीला हाक द्यावी तसा त्याचा आवाज लागला.

"पेशंट मीच. छाती माझी, सोनोग्राफीपण माझीच. बापयांनापण होता हा, डॉक्टरीणबायनी सांगितलंय."

पोरींच्या ओढण्या खाली आल्या. मुलाने खाली बघत दार उघडून धरलं.

शेजारच्या म्हातारीने काही विचारलं नव्हतं, तरी मथुरा तिला म्हणाली, "माझा घोव तो."

गाठ नव्हती. हृदयासाठी चालू असलेल्या एका गोळीने ग्रंथी वाढली होती. "पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका," असं बजावून डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी बदलून दिली. चैत्रापर्यंत दुखणं गेलं, छातीची सूज पुष्कळ उतरली. थोडी राहिली. ऑपरेशन करून काढता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या. "ऱ्हावंदे," रावजी म्हणाला. "आता तिचा काय तरास नाय."

हे सगळं त्याने बंदरावर जाळी शिवताना चारचौघांत सांगितलं. कोणी हसलं, कोणी नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या होडीवरचा बाळा घरी आला आणि ओटीवर टेकला. मग हळूच म्हणाला, "तांडेलानू, माझ्या एकाच बाजूक हाय. कडक लागता. वरीस झाला."

"एकाच बाजूक? आणि वरीसभर गप ऱ्हायलंस?" रावजी उभाच राहिला. "गाठबिठ असली तर? उद्या पयल्या गाडीन जावचा. मी येतंय."

सकाळी मथुरेने दोघांना भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली. रावजी बाळाला खिडकीशी बसवून स्वतः कडेला बसला. एसटी वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यातच उभी होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं तर सांगत होती, "आमचे तांडेल रत्नागिरीस गेलेत. बाळाला दाखवूक."