तीन शिट्ट्या

"आला का आवाज?" वर्तक साहेबांनी वरच्या मजल्यावरून येऊन दारातून चौथ्यांदा विचारलं.

"येतोय साहेब, पाच मिनिटं."

माझी ही पाच मिनिटं साडेअकराला सुरू झाली होती आणि आता दीड वाजत आला होता.

वर्तक साहेबांनी आदल्या दिवशी लॅपटॉपमध्ये फॅक्स पाठवायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. फॅक्स काही गेला नाही, पण आवाज मात्र गेला. चार वाजता त्यांना शीळफाट्यापलीकडच्या एका कारखान्यात फिल्म दाखवायची होती. "आवाज नसेल तर मी पडद्याशेजारी उभा राहून हातवारे करू का?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं.

मी फॅक्सचं सॉफ्टवेअर काढलं. आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, सीडीवरून पुन्हा टाकला, मशीन बंद करून चालू केलं. घड्याळाशेजारी पिवळं स्पीकरचं चित्र आलं, पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. आवाज पट्टीच्या टोकापर्यंत वाढवला आणि चाचणीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. शून्य. ड्रायव्हर काढला, परत टाकला. प्रत्येक वेळी ते मशीन उठायला पाच-सात मिनिटं घ्यायचं आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. सुरू होतानाची धूनही साहेबांनी कटकट नको म्हणून बंद करून टाकलेली. चारदा हे झालं. पाचव्या वेळी तो लॅपटॉप उचलून वागळे इस्टेटच्या गटारात टाकावा असं मनापासून वाटलं.

टाकून चालणार नव्हतं. गिऱ्हाईकाकडे जाऊन एकट्यानं दुरुस्ती करायचा हा माझा पहिला कॉल होता. आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचे मालक दामाजी शेठ सकाळी म्हणाले होते, "घाडी, आज एकटा जाऊन ये. जमलं तर सोमवारपासून कॉलवर. नायतर बस दुकानात, कॅबिनेट पूस." दुकानातली बाकीची मुलं बावीस-तेवीसची, मी चव्वेचाळीसचा. अठरा वर्षं याच इस्टेटमध्ये, दोन गल्ल्या सोडून, पॉवर प्रेसवर पत्रे कापले. पंचाण्णव साली कंपनीला टाळं लागलं. मग डोंबिवलीत कॉम्प्युटरच्या क्लासला बसलो. तिथली पोरं मला काका म्हणायची. चार वर्षं धडपडून इथवर आलो, आणि आता हे डबडं बोलायला तयार नव्हतं.

त्यातून दिवसाची सुरुवातच भांडणानं झाली होती. शालन, म्हणजे माझी बायको, पाणी भरायला खाली जाताना सांगून गेली, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." मी कुकरकडे पाठ करून पेपर वाचत बसलो. एकही शिट्टी झाली नाही. ती वर आली तेव्हा घरभर जळका वास आणि डाळीचा कोळसा.

"शेजारच्या मालूताईंनी सात मोजल्या!" ती ओरडली.

"मालूताईंना स्वतःच्या घरात कामं नाहीत का? वाजलीच नाही म्हटलं ना! रबर गेलंय कुकरचं."

"रबर गेलं तर शिट्टीच होणार नाही हो, मग त्यांनी सात मोजल्या कशा? आणि एवढ्या मोठ्यांदा नका बोलू, मी इथंच आहे."

संध्याकाळी नवीन रबर आणतो म्हणालो आणि न जेवता निघालो.

सहाव्यांदा मशीन चालू केलं. चाचणीचं बटण दाबलं. एकदा, तीनदा, दहादा. राग आता बोटात उतरला होता.

तेवढ्यात ऑफिसात चहा-पाणी बघणाऱ्या मीराबाई फडकं घेऊन आत आल्या. "भाऊ, बस की आता ते टिंग टिंग! मघापासून डोकं उठलंय माझं."

"कसलं टिंग टिंग?"

"हेच की, तुम्ही वाजवताय ते. दोन तास झाले."

मी त्यांच्याकडे वळलो. मग बटण दाबलं.

"हां, हे बघा. वाजलं," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा दाबलं. त्यांनी मान हलवली. मी लॅपटॉपच्या जाळीवर बोट टेकवलं आणि पुन्हा दाबलं. बोटाखाली अगदी बारीक थरथर झाली. पहिल्याच वेळी काम झालं होतं. लॅपटॉप दोन तास बोलत होता.

मीराबाईंनी फडकं टेबलावर ठेवलं. "भाऊ, तुम्ही प्रेसवर होता काय?"

"अठरा वर्षं."

"आमचे पण होते. त्या धडधडीनं कानातले बारीक, टिंग टिंग आवाज पहिले जातात. माणसाचं बोलणं येतं ऐकू, म्हणून कळत नाय लवकर." त्या हळू बोलल्या असाव्यात, कारण मला त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं. आणि तेव्हाच कळलं की मी कितीतरी दिवस सगळ्यांच्याच ओठांकडे बघत होतो.

मला रडू येत होतं आणि राग आला होता, पण कुणावर काढणार? कंपनीला तर टाळं होतं.

वर्तक साहेब पाचव्यांदा दारात आले. "काय हो, झालं का?"

मी जाळीवरचं बोट काढलं. मीराबाई टेबल पुसायला लागल्या. "झालं ना साहेब, मघाशीच. मी ऐकलं. भाऊ आपले खात्री करत होते."

साहेबांनी फिल्म लावली, खूश झाले, माझ्या कागदावर सही केली. दुकानात दामाजी शेठनी तो कागद बघितला आणि पाठीवर थाप मारली. "सोमवारपासून कॉलवर!" पुढे ते आणखी काही बोलले. मी मान डोलावली.

घरी पोचलो तेव्हा शालन कुकर लावत होती.

"रबर आणलंत?"

"रबर चांगलं आहे."

तिनं वळून पाहिलं. मी स्टूल ओढलं आणि गॅससमोर, कुकरकडे तोंड करून बसलो. तीही शेजारी येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं शिट्टी थरथरली, वर उचलली गेली, आणि वाफेचा झोत सरळ छताकडे गेला.

"एक," मी म्हणालो.